नावाचे तिकीट

आपल्या मध्यमवर्गीय घरांत कोणतीही वस्तू फार दिवस एकाच माणसाची राहत नाही. थोरल्याचा सदरा धाकट्याच्या अंगावर येतो, धाकट्याचा पुढे मावसभावाकडे जातो, आणि अखेर त्याचे पायपुसणे होऊन तो साऱ्या घराच्या पायाशी येतो. वडिलांची छत्री पावसाळ्यात त्याचीच असते, जो आधी घराबाहेर पडेल! माणसांचेही तसेच. लग्नाला जायला नवऱ्याला रजा मिळाली नाही, तर बायको जाते. बायकोला बरे नसले, तर मुलगा आहेराचे पाकीट घेऊन जातो. आणि पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' असे छापलेले असल्यामुळे यजमानांनाही त्यात काही वावगे वाटत नाही. कालिदास कलामंदिरातल्या नाटकाची तिकिटे काढून ठेवावीत आणि नेमके त्याच संध्याकाळी पाहुणे दारात उभे राहावेत, हा अनुभव नाशिकमध्ये कुणाला नाही? अशा वेळी ती तिकिटे समोरच्या बिऱ्हाडात जातात. नाटक रंगायचे तसे रंगते आणि दुसऱ्या दिवशी समोरच्या वहिनी आपल्याला ते पहिल्या अंकापासून गोष्टीसारखे सांगतात. कुणाचेच काही बिघडत नाही.

फार काय, आमच्या गावात पुण्यसुद्धा एकाच्या खात्यावरून दुसऱ्याच्या खात्यावर जाते. पहाटे रामकुंडावर जरा उभे राहून पाहा. स्वतःची बुडी झाली की माणूस पुन्हा नाक धरतो आणि 'ही आईची', 'ही काकांची', 'ही गुडघे धरून घरी बसलेल्या शेजारीणबाईंची' अशा बुड्या मारीत राहतो. गोदामाई ओळखपत्र मागत नाही. ज्याच्या नावाने बुडी, त्याच्या पदरात पुण्य, असा तिचा सरळ हिशेब आहे.

अशा गावात वाढलेल्या माणसाला 'अहस्तांतरणीय' हा शब्द पहिल्यांदा भेटला, तर तो बिचकणारच. एक तर तो उच्चारताना जीभ दोनदा अडखळते. आणि अर्थ कळल्यावर मन अडखळते. म्हणजे या हातातून त्या हातात न जाणारे. विमानाच्या तिकिटाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, हा शब्द किंवा त्याचा इंग्रजी थोरला भाऊ बसलेला असतो. घरात सारे सुखरूप असते तोवर त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. बेत बदलला की मात्र तो मुंगीचा एकदम हत्ती होतो.

प्रवासाच्या तिकिटांत या बाबतीत तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी आपल्या एस. टी.ची. १९४८ साली पुणे-अहमदनगर मार्गावर तिची पहिली गाडी धावली. तेव्हापासून साधे तिकीट मागणाऱ्या माणसाला कंडक्टरने 'कुठे?' एवढेच विचारले आहे, 'कोण?' असे विचारलेले नाही. दुसरी पायरी रेल्वेची. तिथे आरक्षण केले की नाव द्यावे लागते, आणि ज्याच्या नावाचे तिकीट असेल त्यानेच ते वापरावे, असे १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या ५३ व्या कलमात स्वच्छ म्हटले आहे. पण ते कलम लिहिणारा गृहस्थ संसारी असला पाहिजे. कारण त्याच कलमात त्याने नाव बदलून देण्याचा दरवाजा किलकिला ठेवला आहे. गाडी सुटण्याच्या चोवीस तास आधी अर्ज केला, तर आरक्षण आई, वडील, भाऊ, बहीण, मुलगा, मुलगी, नवरा किंवा बायको यांच्या नावावर करून मिळते. लग्नाच्या वऱ्हाडासाठी तर वेगळी सोय आहे. अर्ज मात्र अठ्ठेचाळीस तास आधी करायचा. वऱ्हाडातली माणसे ऐनवेळी बदलतात, एखादा मामा रुसतो आणि एखादी आत्या वाढते, हे सरकारलाही ठाऊक आहे, याचे मला मोठे कौतुक वाटते.

तिसरी पायरी विमानाची. तिथे नाते नाही, गोते नाही, वऱ्हाड नाही. एक जागा, एक नाव. आपल्याकडच्या कंपन्यांच्या साध्या तिकिटावर नाव बदलत नाही ते नाहीच.

आमच्या घराला ही तिसरी पायरी लागली ती दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षात. आमची मुलगी हैदराबादला असते. पहिलेच बाळंतपण, रीतीप्रमाणे ते माहेरी व्हायचे. पण तिच्या डॉक्टरांनी प्रवास करू नका असे बजावले, तेव्हा माहेरानेच तिकडे जावे असे ठरले. माहेर म्हणजे अर्थात तिची आई. दोन महिने आधी ओझरहून हैदराबादचे तिकीट काढले. ३,२८० रुपये पडले. खिडकीजवळची जागा हवी म्हणून त्यावर आणखी काही रुपये मोजले. सौभाग्यवतीला विमानाच्या खिडकीतून सह्याद्री पाहायचा होता. पुढचे दोन महिने आमच्या स्वयंपाकघरात डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा यांचाच वास दरवळत होता.

निघायला दहा दिवस उरले असताना सौभाग्यवतीचा पाय न्हाणीघरात घसरला आणि उजव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवड्यांचे प्लॅस्टर. आता प्लॅस्टरातल्या हाताने बाळाला न्हाऊ कसे घालणार आणि बाळंतिणीला तेल कसे लावणार? शिवाय तिचीच वेणी घालायला माणूस लागत होते. म्हणजे मलाही घर सोडता येत नव्हते. संध्याकाळी आम्ही दोघे तोंडाला तोंड देऊन गप्प बसलो असताना पंचवटीहून अक्का आली. अक्का ही माझी थोरली बहीण. तिने प्लॅस्टरकडे पाहिले, आमच्या तोंडांकडे पाहिले आणि पदर खोचीत म्हणाली, "त्यात एवढं काय रडायचं? मी जाते की. तिकीट आहेच काढलेलं."

प्रश्न सुटला असे वाटून मी विमान कंपनीला फोन लावला. बऱ्याच वेळाच्या वाजंत्रीनंतर एका मुलीचा मंजूळ आवाज आला. तिचे बोलणे हिंदीत होते. त्याचा सारांश मी आपल्या भाषेत देतो.

"नाव बदलता येणार नाही."

"अहो, पण माणूस घरचेच आहे."

"प्रवासी दुसरा आहे ना?"

"दुसरा कसा? माझी सख्खी बहीण आहे ती."

"ती तुमची बहीण आहे. तिकीट तुमचे नाही, तुमच्या पत्नीचे आहे."

तिचे म्हणणे तर्कशास्त्रात चोख बसत होते, म्हणूनच मला उत्तर सुचेना. मी हात मोडल्याची हकीकत सांगितली. तिने अतिशय हळहळून विचारपूस केली आणि तितक्याच हळहळत्या स्वरात सांगितले की, तिकीट रद्द करता येईल; केल्यास ६४२ रुपये परत मिळतील; आणि त्याच विमानाचे नवे तिकीट आज ८,१५० रुपयांना आहे. हात मोडल्यामुळे ज्याचे हस्तांतरण करायचे, ते तिकीट हस्तांतरणीय नव्हते!

अक्काला हे समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली. "म्हणजे विमान तेच, जागा तीच, जाणारी बाई आपल्याच घरची, आणि पैसे दोनदा?" ती म्हणाली. "अरे, तिकीट आहे की सोवळं? दुसऱ्याचा हात लागला की मोडतं?"

मग तिने देवगिरी एक्सप्रेसने जाण्याचा आग्रह धरला. चौकशी केली तर वाट पाहणाऱ्यांची यादी हातभर लांब. रेल्वेचे तिकीट आधी काढले असते तरी नडले असतेच, हे मला त्या रात्री पडल्यापडल्या उमगले. रेल्वेच्या त्या आठ नात्यांत नणंद नाही. सासू नाही, सून नाही, जावई नाही, आत्याही नाही. सौभाग्यवतीचे तिकीट आधी माझ्या नावावर आणि माझ्यावरून अक्काच्या नावावर, अशी उडी मी मनातल्या मनात मारून पाहिली. पण रेल्वे नाव बदलून देते ते एकदाच. कायद्याला संसार ठाऊक असतो, पण चुलत्या-मावश्यांपर्यंत तो पोचत नाही.

आमच्या कॉलनीत एक गृहस्थ राहतात. त्यांची उभी हयात मुंबईला एका प्रवासी कचेरीत तिकिटे फाडण्यात गेली. रागाने फणफणत मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. ते शांतपणे सुपारी कातरीत म्हणाले, "तुम्ही नाशिककर ना? मग द्राक्षांचा धंदा तुम्हाला कळत असेल."

"थोडाफार."

"पिंपळगावची द्राक्षं दोन दिवस पडून राहिली तर भाव उतरतो, आठ दिवसांनी कुणी फुकट घेत नाही. विमानातली जागा त्याहून नाशवंत. दार बंद झालं की रिकाम्या जागेची किंमत शून्य. मग कंपनी काय करते? दोन महिने आधी येणाऱ्याला स्वस्तात देऊन टाकते, निदान तेवढे पैसे तरी हातात आले म्हणून. आणि काही जागा मागं ठेवते, शेवटच्या दिवशी धापा टाकत येणाऱ्यासाठी. त्याचं काम अडलेलं असतं. तो वाटेल ते मोजतो."

किती जागा स्वस्तात द्यायच्या आणि कुठे थांबायचे, याचे गणित त्यांनी मला समजावून दिले. १९७२ साली ब्रिटनच्या बी. ओ. ए. सी. या विमान कंपनीतील लिटलवुड नावाच्या गृहस्थाने त्याचे साधे सूत्र मांडले. १९७८ मध्ये अमेरिकेत विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठवण्याचा कायदा झाला आणि तिथल्या कंपन्यांनी त्या गणिताचे शास्त्र बनवले. आपल्याकडे १९५३ मध्ये विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाल्यापासून पुढची चाळीस वर्षे देशांतर्गत विमानप्रवास म्हणजे जवळजवळ एकाच सरकारी कंपनीचा कारभार होता. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना पाय रोवता आले, आणि २००३ मध्ये एअर डेक्कन आल्यावर एक रुपयाचे तिकीटही लोकांनी पाहिले. पुढे 'उडान' योजनेत लहान गावांचे विमानतळ जागे झाले आणि २०१७ च्या डिसेंबरात त्याच नावाच्या कंपनीचे छोटे विमान आमच्या ओझरलाही उतरले. एरवी ओझर म्हणजे लढाऊ विमाने बांधण्याचे ठिकाण. तिथून आता आमच्यासारखी लाडू-चिवड्याची माणसे उडू लागली.

"आता असं समजा," गृहस्थ म्हणाले, "की तिकिटावरचं नाव कुणालाही बदलता येतं. मग एखादा चलाख माणूस दोन महिने आधी पन्नास तिकिटं घेऊन ठेवील आणि शेवटच्या दिवशी विमानतळाच्या दारात उभा राहून विकील. सिनेमाच्या थिएटराबाहेर काळ्या बाजारात विकायचे तशी! म्हणजे स्वस्त तिकीट तुम्हाला कधी मिळणारच नाही. तुम्ही ३,२८० रुपयांत जागा विकत घेतली असं समजता, तिथंच फसगत आहे. जागेची किंमत ८,१५०. तुम्ही कंपनीला एक वचन विकलंत, की दोन महिन्यांनी अमुक तारखेला अमुकच बाई येईल आणि मधे घरात काही होणार नाही. त्या वचनाची किंमत म्हणून तेवढी सूट."

त्यांचे म्हणणे मला पटले. पटले म्हणून राग गेला असे मात्र नाही. दोन महिने घरात काही होणार नाही असे वचन कोणता गृहस्थाश्रमी देऊ शकेल? आजारी सासू, परीक्षेचा मुलगा, न्हाणीघरातली शेवाळलेली फरशी, यांतले कुणीच त्या वचनावर सही करीत नाही. आणि वचन पाळण्याची सक्ती दोन्ही बाजूंना सारखी असते, असेही नाही. २०१८ साली ओझरहून दिल्लीची सेवा सुरू करणारी जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी बंद पडली, तेव्हा देशभरातले प्रवासी हातात नावाची तिकिटे घेऊन उभेच राहिले. दुसरी गंमत अशी की, तिकीट या हातातून त्या हातात जात नसले तरी सबंध विमान कंपनी जाऊ शकते. १९३२ साली टाटांनी सुरू केलेली कंपनी १९५३ मध्ये सरकारच्या हाती गेली आणि २७ जानेवारी २०२२ रोजी विमानांसकट, देण्याघेण्यासकट पुन्हा टाटांच्या हाती आली. आमच्या सौभाग्यवतीची खिडकीजवळची एक जागा तेवढी तिच्या नणंदेच्या हाती जाऊ शकली नाही.

मात्र हा नियम काही देवाने घातलेला नाही, हेही आपण सर्वांनी एकदा पाहिले आहे. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि विमाने जमिनीवर बसली. लाखो लोकांचे पैसे अडकले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १ ऑक्टोबर २०२० च्या निकालात न्यायालयाने सांगितले की, टाळेबंदीच्या आधी काढलेल्या त्या काळातल्या प्रवासाच्या तिकिटांचे पैसे शक्यतो पंधरा दिवसांत परत करावेत. ज्या कंपनीला ते झेपत नसेल तिने तेवढी रक्कम प्रवाशाच्या नावावर जमा ठेवावी, आणि ३१ मार्च २०२१ पर्यंत ती प्रवाशाने स्वतः वापरावी किंवा वाटेल त्याला द्यावी. वाटेल त्याला! कंपनीने ते देणे मानलेच पाहिजे, असेही बजावले. साऱ्या जगावर संकट आले तेव्हा विमानाचे पैसे या हातातून त्या हातात गेले आणि आभाळ कोसळले नाही. एकट्या घरावर संकट येते तेव्हा मात्र तसे न्यायालय बसत नाही.

एरवी बेत मोडलेल्या प्रवाशाच्या पदरात जे पडते ते थोडके, पण सोडून देण्यासारखे नाही. २०१६ च्या ऑगस्टपासून लागू झालेल्या नियमांनुसार, 'पैसे परत नाहीत' असा शिक्का असलेल्या तिकिटाचेही सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत करावेच लागते. मूळ भाडे व इंधन-आकार मिळून जेवढे होते, त्यापेक्षा जास्त दंड कापता येत नाही. आम्हाला मिळालेले ६४२ रुपये ही त्याचीच कृपा. २०१९ च्या प्रवासी-सनदेत आणखी दोन सवलती दिल्या होत्या. प्रवासाला सात दिवसांहून अधिक अवधी असेल, तर तिकीट काढल्यापासून चोवीस तासांत ते दंडावाचून रद्द करता किंवा बदलता यावे. आणि त्याच चोवीस तासांत त्याच माणसाच्या नावातली अक्षरांची चूक फुकट दुरुस्त करून मिळावी. असे नियम अधूनमधून बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याच्या आधी ते एकदा डोळ्यांखालून घालावेत. पोथी वाचतो तसे सावकाश, आणि फलश्रुतीपर्यंत!

या नावाच्या सोवळ्यावर लोकांनी नाना युक्त्या केल्या आहेत. युरोपातल्या काही स्वस्त कंपन्या नाव बदलू देतात, पण त्याचे दाम सणसणीत घेतात. २०१५ साली इंग्लंडमधल्या एका विद्यार्थ्याचे तिकीट त्याच्या प्रेयसीच्या सावत्र वडिलांनी चुकीच्या आडनावाने काढले. नाव बदलायला कंपनी २२० पौंड मागू लागली. त्या पठ्ठ्याने काय करावे? त्याने कायद्याने स्वतःचेच आडनाव बदलून घेतले आणि १०३ पौंडांत नवा पासपोर्ट काढला. त्याच्या आदल्या वर्षी कॅनडातल्या एका तरुणाचे प्रेम जमून मोडले आणि जगप्रवासाची दोन तिकिटे हातात राहिली. तेव्हा त्याने त्या आधीच्या प्रेयसीच्याच नावाची आणि आडनावाची दुसरी मुलगी हवी, असे जाहीर आवाहन केले. तशी एक मिळाली आणि त्या डिसेंबरात दोघे निघालेही! आमच्या नाशकात कुणी कुलकर्णी किंवा पाटील आडनावाची अशी मुलगी शोधू लागला, तर पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत रांग लागेल.

त्या इंग्लिश पोराचे आपल्याला कौतुक वाटते. पण आपल्या बायका हा पराक्रम पिढ्यान्पिढ्या करीत आल्या आहेत. लग्नाच्या मांडवात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले जाते आणि काल ज्या नावाने ओ दिली, ते नाव आज माहेरी ठेवून मुलगी निघते. आमच्या अक्काचेही तसेच झाले. तिचे सासरचे नाव अकरा वर्षे चालले. मग मेहुणे गेले, मूलबाळ नव्हते. ती माहेरी परतली आणि तेव्हापासून ती लहानथोर सर्वांची अक्का झाली. नुसती अक्का.

शेवटी ८,१५० रुपयांचे नवे तिकीट काढायचे ठरले. मुलगी हैदराबादहून फोनवरून विचारीत होती आणि तिकडे माहिती भरीत होती. "बाबा, आत्याचं आधार कार्डावर नाव काय आहे? अगदी तसंच्या तसं लागतं." मी अक्काला हाक मारली. तिने पिशवीतून प्लॅस्टिकच्या पाकिटात जपलेले कार्ड काढले, चष्मा लावला आणि स्वतःचे नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव असे एकेक अक्षर सुटे करून वाचून दाखवले. तिच्या तोंडून ते नाव मी कितीतरी वर्षांनी ऐकत होतो. ते मी इथे लिहीत नाही. ते तिचे आहे.

आणि तेव्हा माझ्या ध्यानात एक गोष्ट आली. माझी बहीण जन्मभर बदलीच्या तिकिटावर प्रवास करीत आली आहे. आईला झेपेना म्हणून काकूंच्या आजारपणात अक्का गेली. वहिनीच्या आईला येता येईना म्हणून वहिनीच्या बाळंतपणाला अक्का गेली. रुग्णालयातल्या रात्री, कुलूप लावता येत नाही अशी घरे, परीक्षेच्या वर्षातली मुले, सगळीकडे 'अक्का आहेच' असे म्हणून माणसे आपापल्या कामाला लागत. चारधामची यात्राही तिने केली ती समोरच्या बाईंनी ऐनवेळी पाय मागे घेतला म्हणून, त्यांच्या जागेवर. यात्रेवाल्याने यादीतले नाव बदललेच नाही. बसमध्ये चढताना-उतरताना हजेरी व्हायची तेव्हा तो त्या बाईंच्याच नावाने हाक मारी, आणि अक्का पंधरा दिवस 'ओ' देत राहिली. ही गोष्ट ती स्वतःच हसत हसत सांगते आणि आम्हीही आजवर हसत आलो. त्या रात्री मला काही हसू आले नाही.

हस्तांतरणीय तिकिटाची ही दुसरी बाजू. दुसऱ्याच्या जागी उभे राहणारे माणूस घरात असते, म्हणून घर चालते; पण एकच माणूस नेहमी दुसऱ्याच्या जागी उभे राहू लागले, की त्याची स्वतःची जागा कुठे आहे, हे त्यालाही आठवत नाही.

ओझरला मी तिला पोचवायला गेलो. दारावर गणवेशातल्या जवानाने तिचे कार्ड घेतले, तिकिटावरचे नाव पाहिले, मग तिच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि विचारले, "आपणच ना?" अक्का क्षणभर थबकली. मग मान ताठ करून म्हणाली, "हो. मीच."

हैदराबादला पोचताच तिचा फोन आला. सुखरूप पोचल्याचे तिने दोन शब्दांत सांगितले. पुढची पाच मिनिटे तक्रार चालू होती. सौभाग्यवतीच्या त्या खिडकीजवळच्या जागेचा क्रमांक तिने पाठ करून ठेवला होता आणि विमानात चढल्यावर मुद्दाम तिथे जाऊन पाहिले होते. "एक जाडजूड बाप्या बसला होता रे तिथं. आणि खिडकी मिळून मेला सबंध वाट झोपला!" म्हणजे आम्ही सोडलेली जागा कंपनीने पुन्हा विकली होती आणि सह्याद्री कुणीच पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी नात झाली. तिचे पहिले न्हाणे अक्काच्या पायांवर झाले. दीड महिन्याने प्लॅस्टर उतरले, तशी सौभाग्यवती हैदराबादला गेली आणि अक्का परत आली. तिने विमानात चढतानाचा तो कागद जपून आणला होता. वर तिचे नाव होते, तिघांचे मिळून, संपूर्ण. आता तो गुरुचरित्राच्या पोथीत खूण म्हणून असतो.

माझा कंपनीवरचा राग अजून पुरता गेलेला नाही. नियमात निदान सख्ख्या नात्यांपुरती तरी फट हवी, आणि रेल्वेच्या आठ नात्यांत नणंदही बसवावी, असे मला मनापासून वाटते. पण या गोष्टीचा एक परिणाम कुणीच हिशेबात धरला नव्हता. नातीच्या पहिल्या वाढदिवसाला आम्ही तिघांची तिकिटे काढली. चार दिवस आधी चुलत वहिनींचा अक्काला फोन आला. त्यांच्या सासूबाईंना रुग्णालयात ठेवले होते, दोन सुना घरात, पण रात्री थांबायला कुणी नाही, "तेव्हा अक्का, तुम्ही आहातच." मी मनाशी म्हटले, झाले! तिकीट वाया गेले. पलीकडचे सारे बोलणे अक्काने ऐकून घेतले, सासूबाईंच्या तब्येतीची आस्थेने चौकशी केली, कोणती पेज द्यावी तेही सांगितले, आणि मग शांतपणे म्हणाली,

"मी परत आल्यावर येईन हो. आत्ता माझं विमानाचं तिकीट निघालंय. ते दुसऱ्या कुणाच्या नावावर होत नाही."